कापणीचा हार कोणाच्या दारी?

'रोबोट' हा शब्द आज शाळकरी पोरालाही ठाऊक झाला आहे. न थकता, न कुरकुरता, मजुरी न मागता राबणारे यंत्र म्हणजे रोबोट, असे ते पोर सांगेल. परंतु हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे, तो चेक भाषेतून आला, हे आमच्या पुष्कळ वाचकांस माहीत नसेल. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने 1920 साली एक नाटक लिहिले. त्यातील कृत्रिम गड्यांस काय म्हणावे हे त्यास सुचेना, तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने हा शब्द सुचविला. त्याचे मूळ 'रोबोता'. आणि रोबोता म्हणजे दुसरेतिसरे काही नसून, आपल्या आज्यापणज्यांस पुरती ठाऊक असलेली वेठ! मालकाच्या शेतावर कुळाने आपली जनावरे व आपली हाडे घेऊन जावयाचे आणि फुकट राबावयाचे. 1680 साली बोहेमियातील कुळांनी बंड केले, तेव्हा सरकारने मेहेरबानी केली ती एवढीच की, वेठ आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक घेऊ नये! ही वेठ 1848 साली उठली. ती उठविण्याचा ठराव व्हिएन्नाच्या सभेत मांडणारा हान्स कुडलिख हा जर्मन बोलणारा शेतकऱ्याचा पोर होता. दुःख शेतकऱ्याचे असले म्हणजे त्यास भाषेचा भेद राहत नाही, हे येथेच सांगून ठेवतो.

ज्या लोकांनी जगास वेठीचा शब्द दिला, त्यांनी 1918 साली स्वतःचे राज्य कसे उभारले आणि त्यात शेतकऱ्याच्या चालीरीतींस व खुद्द शेतकऱ्यास काय मिळाले, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो.

युरोपच्या मध्यावर बोहेमिया व मोराव्हिया हे चेक लोकांचे प्रांत आहेत, आणि त्यांच्या पूर्वेस स्लोव्हाकिया. 1620 साली प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर बंडखोर सरदारांचा बादशहाकडून मोड झाला. पुढच्या वर्षी प्रागच्या चौकात 27 पुढाऱ्यांस देहान्त शासन झाले. त्यांच्या जहागिरी बादशहाच्या मर्जीतल्या लोकांस मिळाल्या, त्यांत परके पुष्कळ होते. पुढे हळूहळू कचेरीची, दरबाराची व वरच्या शाळेची भाषा जर्मन झाली. चेक भाषा उरली ती तबेल्यात, चुलीपुढे आणि नांगराच्या मागे. शहाण्यासुरत्यांनी जी भाषा गड्यामोलकरणींची म्हणून टाकून दिली, ती या गड्यामोलकरणींनीच दोनशे वर्षे जिवंत ठेवली.

पुढे विद्वानांचे डोळे उघडले. शब्द पाहिजेत, गाणी पाहिजेत, तर ती कोठे मिळणार? खेड्यात! सुताराचा मुलगा चेलाकोव्हस्की याने लोकगीतांचे तीन भाग 1822 ते 1827 या काळात छापले. योसेफ युंगमान याने चेक भाषेचा पाच खंडांचा कोश 1834 ते 1839 या वर्षांत पुरा केला. एर्बेनने गाणी व कहाण्या जमविल्या. बोझेना न्येम्त्सोवा हिने 1855 साली 'आजी' या नावाची कादंबरी लिहून खेड्यातल्या एका साध्या म्हातारीस सगळ्या चेक घरांची आजी करून सोडले. ही बाई कोण? एका गाडीवानाची मुलगी. जिने राष्ट्रास आजी दिली ती स्वतः दारिद्र्याने गांजून 1862 साली वारली, आणि मग तिची अंत्ययात्रा मात्र थाटाची निघाली. आज तिचे चित्र त्या देशाच्या नोटेवर आहे. हयातीत त्या नोटा तिच्या हाती पडल्या नाहीत! गाण्याला मान आणि गाणाराला उपास, हा न्याय कोणत्याही एका देशाचा नव्हे.

स्लोव्हाकियाची दशा याहून बिकट होती. तो मुलूख हंगेरीच्या ताब्यात. लोकांनी वर्गणी काढून 1863 साली मार्टिन गावी 'मातित्सा' नावाची विद्यासंस्था स्थापिली. सरकारने ती 1875 साली बंद पाडली. स्लोव्हाक भाषेच्या तीन वरच्या शाळा त्याच सुमारास मिटविल्या. किसुत्से भागातल्या नापीक डोंगरांतले पुरुष पाठीवर तारेची वेटोळी घेऊन, लहान पोरे हाताखाली घेऊन, महिनेच्या महिने परमुलखात हिंडत आणि फुटक्या मातीच्या भांड्यांस तारेची जाळी विणून ती सांधीत. आज हीच तारेची विणकर आटोपशीर कला म्हणून पेटीत मांडली जाते. परंतु ती जन्मली हौसेतून नव्हे, पोटातून, हे पाहणाराने विसरू नये.

या लोकांचे सण पाहिले तर आमच्या वाचकांस ते परके वाटणार नाहीत. हिवाळा सरताना गवताची एक बाई करतात, तिला जुनी वस्त्रे नेसवितात आणि गावाबाहेर नेऊन पाण्यात सोडतात. ती मोरेना, म्हणजे थंडी आणि मरण. मोराव्हियातील व्लच्नोव्ह गावी पोरसवदा मुलास बायकी पोशाख घालून, तोंडात गुलाब धरवून, सजविलेल्या घोड्यावर राजा म्हणून मिरवितात. त्याने बोलावयाचे नाही, त्याच्या बरोबरचे स्वार दारोदार थांबून गमतीची कवने म्हणतात. स्लोव्हाक धनगर पुरुषभर उंचीचा, 'फुयारा' नावाचा पावा वाजवितो. बायांचे निळे छापील कापड निळीच्या पिंपात बुडवून रंगवितात, आणि त्या निळीचे युरोपी नावच मुळी हिंदुस्थानावरून पडलेले आहे.

या सर्वांत एक सण आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कापणी संपली म्हणजे मजूर कणसांचा हार गुंफीत आणि गाणी म्हणत तो मालकाच्या वाड्यावर नेऊन देत. मालक त्या दिवशी जेवण व नाच देई. गाणे गोड, हार सुंदर. परंतु पेरले कोणी, कापले कोणी, आणि हार गेला कोणाच्या दारी? सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

28 ऑक्टोबर 1918 रोजी प्राग येथे स्वातंत्र्य जाहीर झाले. दोन दिवसांनी स्लोव्हाक पुढाऱ्यांनी मार्टिन येथे चेकांशी एक होण्याचा ठराव केला. पहिला राष्ट्राध्यक्ष झाला तो तोमास मसारिक. तोही गाडीवानाचाच मुलगा. बाप स्लोव्हाक, आई मोराव्हियातली, आणि स्वतः लहानपणी लोहाराच्या भात्यापाशी उमेदवारी केलेला. या नव्या राज्याने पहिल्या दीड वर्षात जे केले ते तारखेवार वाचण्यासारखे आहे. डिसेंबर 1918 मध्ये सरदारक्यांचे किताब रद्द झाले आणि कामाचा दिवस आठ तासांचा झाला. 16 एप्रिल 1919 रोजी जमिनीचा कायदा झाला: 150 हेक्टरांवरील शेतजमीन किंवा सर्व मिळून 250 हेक्टरांवरील जमीन असणाऱ्या जहागिरी सरकारच्या कबजात याव्यात आणि त्यांतून लहान शेतकऱ्यांस जमीन द्यावी. 22 जुलै 1919 रोजी प्रत्येक गावी सार्वजनिक वाचनालय असलेच पाहिजे असा कायदा झाला. बंद पडलेली मातित्सा त्याच साली पुन्हा उघडली. 1920 च्या राज्यघटनेने बायांच्या मताचा हक्क कायम केला.

आणि 30 जानेवारी 1920 रोजी एक कायदा झाला, त्याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. प्रत्येक गावाने आपली बखर ठेवावी, असा तो कायदा! गावाने लेखक नेमावा, बहुधा तो शाळामास्तर असे, आणि त्याने गावात घडलेले लिहून ठेवावे. पूर्वी बखरी असत त्या राजांच्या. आता ज्या गावाचे नाव फक्त साऱ्याच्या वहीत होते, त्याचा पाऊस, पीक, आग, लग्नाच्या चाली, यांसही लेखी किंमत आली. गाणी गोळा करणारा पाहुणा येऊन जातो. बखर गावात राहते. हा फरक लहान नव्हे.

येथवर स्तुती झाली. आता दुसरी बाजू न सांगणे म्हणजे वाचकांस फसविणे होय. कायद्याच्या कचाट्यात सुमारे 40 लाख हेक्टर जमीन आली, परंतु 1938 पर्यंत प्रत्यक्ष वाटली गेली ती सुमारे 18 लाख, म्हणजे निम्म्याहून कमी. जहागिरी फोडल्यावर मधले जे चांगले तुकडे उरले, ते शेतकऱ्यांचे नाव घेणाऱ्या पक्षाच्या लागेबांध्यातल्या लोकांस पुष्कळ ठिकाणी मिळाले. वाड्यातला सरदार गेला आणि त्याच वाड्यात पक्षाचा सोयरा आला! 1931 साली दक्षिण स्लोव्हाकियातील कोशुटी येथे संपकरी शेतमजुरांच्या जमावावर गोळीबार झाला व तीन माणसे मेली. स्लोव्हाकांस सांगण्यात आले की तुम्ही व चेक मिळून एकच राष्ट्र आहा. मात्र कचेरीत व शाळेत बसला तो बहुतेक चेक. आरंभी शिकलेले स्लोव्हाक थोडे होते हे खरे. परंतु 1918 च्या मे महिन्यात पिट्सबर्ग येथे स्वतःच्या विधिमंडळाचे जे वचन दिले होते ते वीस वर्षे अंगणातच उभे राहिले. तीस लाखांवर जर्मन त्याच राज्यात राहत. त्यांस हे राष्ट्र आपले वाटले नाही. 1938 साली म्युनिक येथे बड्या राष्ट्रांनी सरहद्द तोडून दिली, आणि मार्च 1939 मध्ये पहिले प्रजासत्ताक नावापुरतेही उरले नाही. शेजाऱ्याचा लोभ हे त्याचे मुख्य कारण. पण घरातल्या नाराजीने शेजाऱ्याचे काम सोपे केले, हेही कारणच आहे.

पुढे 1948 नंतर तर मौजच झाली. सरकारी खर्चाने गावरान पोशाखातले नाचाचे ताफे रंगभूमीवर आले, आणि त्याच सरकारने त्या पोशाखवाल्याच्या बापाची जमीन सामुदायिक शेतीत ओढून घेतली. पोशाख वर चढला, माणूस खाली उतरला!

1993 च्या पहिल्या दिवशी चेक व स्लोव्हाक रक्तपात न होता वेगळे झाले. फुयारा, मुक्या राजाची स्वारी, निळीचे छापकाम, तारेचे काम यांची नावे आता जागतिक वारशाच्या यादीत चढली आहेत. आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु यादीत नाव चढल्याने कोणाच्या चुलीवर भांडे चढत नाही.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, कोणी तुमच्या गाण्याची, नाचाची, पागोट्याची स्तुती करू लागला तर ती ऐका. स्तुती वाईट नसते. मात्र ऐकून झाल्यावर चार गोष्टी विचारा. जमीन कोणाच्या नावावर आहे? कचेरी कोणाच्या भाषेत बोलते? गावात वाचनालय आहे काय? आणि गावाची हकीकत लिहितो कोण? चेक व स्लोव्हाक शेतकऱ्यांस या चारांपैकी काहींची उत्तरे मिळाली, काहींची मिळाली नाहीत. आणि जेथे मिळाली नाहीत तेथेच त्यांचे नवे राज्य उसवले. कणसांचा हार गुंफणे ही कला खरी. पण तो गुंफणाराच्या स्वतःच्या दाराला लागेल, त्या दिवशीच सण पुरा झाला असे आम्ही म्हणू.