कागदावर उतरण्याआधी



२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा माझ्या माहेरच्या घरातही छातीइतकं पाणी होतं. पूर ओसरल्यावर धान्य, गाद्या, कपाटं यांचा हिशेब आम्ही केला आणि सोडूनही दिला. अम्मीची हळहळ एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे पेटीतला अल्बम. फोटो एकमेकांना चिकटून गेले होते. मरहूम अब्बांचा एकच फोटो कसाबसा वाचला, तोही चिखलाच्या डागांसकट.

मी नोकरीमुळे साताऱ्यात असते. यंदा सुट्टीत माहेरी गेले, तेव्हा माझ्या भाच्याने त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि दोन संध्याकाळी खपून तो एका ॲपवर साफ केला. स्क्रीनवर अब्बांचा चेहरा कसा उजळून आला! काळी टोपी, काळी शेरवानी, सगळं स्पष्ट. अम्मीला घरात भिंतीवर फोटो लावणं पसंत नाही. तिला तो अल्बमसाठी हवा होता. म्हणून ५ बाय ७ इंचाची प्रिंट काढून आणली. अम्मी ती घेऊन खिडकीशी गेली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बेटा, हे ते नाहीत."

खरंच नव्हते. चेहरा काळवंडला होता, टोपी मागच्या अंधारात मिसळून गेली होती. आणि हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण गायब! पुराचा डाग समजून भाच्याने तोही पुसला होता. मोबाइलवर तो आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

मी तक्रार घेऊन स्टुडिओत गेले. स्टुडिओवाले शांतपणे म्हणाले, "मॅडम, मोबाइलचा ब्राइटनेस जरा निम्म्यावर आणा आणि आता बघा." आणला, तर हातातल्या प्रिंटसारखाच काळपट चेहरा समोर आला. चूक आमचीच होती.

त्यांनी समजावलेलं साधं आहे. स्क्रीन स्वतः प्रकाश देते. कागद तसं करत नाही; त्याच्यावर पडलेला उजेडच तो परत करतो. म्हणून स्क्रीनवर ठीक वाटणारा फोटो कागदावर हटकून गडद वाटतो. रंगांचंही तेच. स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग बनवते, तर छपाईत निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून रंग बनतात. दुल्हनच्या दुपट्ट्याचा झगझगीत हिरवा किंवा कास पठारावरच्या फुलांचा जांभळा मोबाइलवर जसा दिसतो, तसा कागदाला पुष्कळदा झेपतच नाही.

मासिक छापण्याआधी त्याची प्रुफं तपासतात, हे आपल्याला माहीत आहे. फोटोचंही प्रूफ असतं आणि ते कागद खर्च न करता पाहता येतं. त्याला सॉफ्ट प्रूफ म्हणतात. प्रत्येक मशीन आणि कागदाची जोडी रंग कसे दाखवते, याची एक फाइल असते, तिचं नाव प्रोफाइल. फोटोशॉपमध्ये ती फाइल निवडून 'व्ह्यू' मेनूतलं 'प्रूफ कलर्स' सुरू केलं, की छापल्यावर फोटो साधारण कसा दिसेल ते स्क्रीनवरच दिसतं. स्टुडिओवाल्यांनी ते सुरू केलं आणि अब्बांची टोपी माझ्या डोळ्यांसमोर अंधारात बुडाली. मग त्यांनी फक्त गडद भाग थोडा उजळला. टोपीची कड परत दिसू लागली.

आपल्या घरी फोटोशॉप नसतं. तरी एवढं नक्की करता येईल:

१. फोटो दुरुस्त करताना ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा आणि आपोआप कमीजास्त होणारी सोय बंद करा. मोबाइलमध्ये स्क्रीनच्या रंगांसाठी 'व्हिव्हिड' आणि 'नॅचरल' असे पर्याय असतील, तर 'नॅचरल' निवडा.

२. आकार आधी ठरवा. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतो, ४ बाय ६ चा कागद ३:२ प्रमाणात. आडवा फोटो त्या कागदावर पूर्ण भरला, तर वरखाली मिळून नववा हिस्सा कापला जातो. मागच्या रांगेतल्या चाचांचं डोकं जातं ते असंच. कापायचं कुठून, ते आपणच ठरवावं.

३. चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ४ बाय ६ ला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात आणि ८ बाय १२ ला २४०० बाय ३६००. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो लहान होतो, म्हणून स्टुडिओला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

४. मोठी प्रिंट काढण्याआधी एक छोटी काढा. एकाच कागदावर तोच चेहरा चार वेळा, दर वेळी थोडा अधिक उजळ. तो कागद दुकानातल्या ट्यूबखाली पाहून निकाल देऊ नका. फोटो जिथे राहणार, तिथल्या उजेडात पाहा.

५. आणि ज्याने तो चेहरा खऱ्या अर्थाने पाहिला आहे, त्याला आधी दाखवा. मशीनला रंग कळतात. हनुवटीवरचा व्रण कळत नाही.

आम्ही चार चेहऱ्यांचा तो कागद अम्मीपुढे ठेवला. भाच्याने व्रण परत आणला होता. अम्मीने तिसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "हे."

नवी प्रिंट आता अल्बममध्ये आहे. डागांचा मूळ फोटो तिच्याच मागच्या पानावर ठेवला आहे, कारण तो टाकून द्यायला कुणाचंच मन झालं नाही. फाइलची एक प्रत साताऱ्यात माझ्याकडे आहे आणि सांगलीतला अल्बम या वेळी पेटीत नाही, माळ्यावर आहे.