म्हातारी कुत्री आणि भिशीचे पैसे

22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायला मुभा दिली. अट एकच, घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. म्हणजे त्याचं आजारपणही आपलंच.

किनवटला आमच्या गल्लीतली एक म्हातारी कुत्री मी घरी आणली, तेव्हा माझा हिशेब दूध-पोळीचाच होता. महिनाभरात तिचं खाणं सुटलं, पाणी पिणं वाढलं. गर्भाशयात पू झाला होता! नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीला हा आजार होतो. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर जीव जातो. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचं गाडीभाडं, तपासण्या, औषधं... भिशीचे पैसे त्यातच गेले.

2023 च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही नगरपरिषदेची जबाबदारी आहे. ते काम वेळेवर झालं तर हा खर्च बाईच्या डब्यातून जाणार नाही. आपल्या नगरसेवकाला हे विचारायलाच हवं.

म्हातारं कुत्रं आणू नका, असं मी म्हणत नाही. आणण्याआधी दात, डोळे, सांधे, रक्त तपासून घ्या आणि दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका. आमची म्हातारी आज अंगणात उन्हाला पडलेली असते. ते पैसे वाया गेले, असं मला एकदाही वाटलं नाही.