घरखर्च आणि हौस : गेम विकत घेतला, पण आपला झाला का?

मैत्रिणींनो, या खेपेच्या टपालात मिक्सर आणि फ्रीजच्या चौकश्यांबरोबर एक निराळंच पत्र आलं आहे. एक भगिनी लिहितात, मुलाची दहावी झाली, चांगले गुण मिळाले, आणि आता त्याला प्लेस्टेशन हवं आहे. निम्मे पैसे आजोबा देणार आहेत. दुकानात दोन यंत्रं दाखवली. एकाला सीडी घालायची खाच आहे, दुसऱ्याला नाही. बिनखाचेचं स्वस्त. दुकानदार म्हणाला, "ताई, आता सीडी कोण घेतं? सगळं नेटवरूनच येतं." घरातले म्हणतात, मग स्वस्तातलंच घेऊन टाका. तुमचं मत काय?

माझं मत एका ओळीत सांगते : घ्यायचंच ठरलं असेल तर खाचेचं घ्या. कारण सांगायला मात्र हे पानभर लागणार आहे.

आधी साधा जमाखर्च मांडू. हे पाचवं प्लेस्टेशन आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलं, तेव्हा खाचेच्या यंत्राची किंमत होती ४९,९९० रुपये आणि बिनखाचेच्या ३९,९९०. किमती पुढे वाढल्या, तेव्हा आजचा भाव दुकानातच विचारावा. हिशेबाला आपण तो दहा हजारांचा फरक धरू. नवा मोठा गेम चार-पाच हजारांच्या घरात जातो. तो सीडीवर घेतला, तर खेळून झाल्यावर विकता येतो, मावसभावाशी अदलाबदल करता येते, दुसऱ्या कुणाचा जुना कमी पैशांत घेता येतो. नेटवरून उतरवलेला गेम विकता येत नाही आणि अदलाबदलीतही देता येत नाही. शिवाय बिनखाचेच्या यंत्राला गेम मिळायचं दुकान एकच, कंपनीचं स्वतःचं. तिथे अधूनमधून चांगली सवलत लागते हे खरं. पण एकाच वाण्याकडे खातं ठेवलं की तो सांगेल तो भाव, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. वर्षाला तीन-चार गेम घेणारं घर असेल तर वाचवलेले दहा हजार कधी संपले ते कळणारसुद्धा नाही.

पण खरी गोष्ट पैशांच्या पुढची आहे. आपण कुकर घेतो. उद्या ती कंपनी बंद पडली तरी कुकर शिट्टी द्यायचा थांबत नाही. नेटवरून घेतलेल्या गेमचं तसं नाही. पैसे मोजून मिळते ती वापरायची परवानगी. घर विकत घेणं आणि लीव्ह अँड लायसन्सवर राहणं यात जो फरक, तोच. आणि भाड्याच्या घरात निदान अकरा महिने असं कागदावर लिहिलेलं असतं. इथे बहुतेक वेळा मुदतच लिहिलेली नसते.

हे मी उगाच भिववायला सांगत नाही. जपानच्या निंटेंडो कंपनीचं वी नावाचं यंत्र २००६ साली आलं आणि जगभर दहा कोटींवर खपलं. त्याचं नेटवरचं दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. त्याच कंपनीच्या पुढच्या दोन यंत्रांची, म्हणजे वी यू आणि थ्रीडीएसची दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद झाली, आणि ८ एप्रिल २०२४ ला त्यांवरचं नेटवरून एकमेकांशी खेळणंही. आपल्याकडेही विकल्या गेलेल्या एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला आटोपलं. आधी घेतलेले गेम दुकान बंद झालं तरी लगेच जात नाहीत, एवढं समाधान. पण यंत्र बिघडलं, नवं घ्यावं लागलं, की मग कंपनीच्या मर्जीचा प्रश्न येतो.

सोनीनेही २०२१ च्या मार्चमध्ये जुन्या प्लेस्टेशन ३ आणि व्हीटाची दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. गिऱ्हाइकांनी एवढा ओरडा केला की पुढच्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात आणि कधी कधी दुकानंही उघडी राहतात.

सगळ्यांत वाईट उदाहरण मात्र द क्रू या मोटारींच्या शर्यतीच्या गेमचं. युबिसॉफ्ट कंपनीने तो २०१४ साली आणला. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी कंपनीच्या संगणकाशी जोडलेलं असणं भाग. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने तो संगणक बंद केला आणि पूर्ण पैसे भरलेल्यांच्या घरातला गेम मुका झाला. ज्यांनी दुकानातून रीतसर डिस्क आणली होती त्यांचाही! रॉस स्कॉट नावाच्या गृहस्थांनी मग "गेम मारू नका" अशा अर्थाची मोहीम उभारली, आणि युरोपात तिच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांची मागणी मला अगदी रास्त वाटते : सेवा बंद करायची तर करा, पण विकलेला गेम लोकांना आपापल्या घरी चालू ठेवता येईल अशी सोय करून जा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला : जे परत काढून घेता येतं, ते "विकत घ्या" म्हणून विकायचं असेल तर ही नुसती परवानगी आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडेही एवढं व्हायला काय हरकत आहे?

सगळ्याच कंपन्या हात झटकतात असं नाही, तेही सांगायला हवं. गूगलने स्टेडिया नावाची गेमची सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. ती आपल्याकडे आलीच नव्हती, पण जिथे होती तिथे विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत केले, आणि हातातलं कंट्रोलर दुसऱ्या यंत्रांना जोडता येईल अशी सोयही करून दिली. सोनीचा काँकॉर्ड हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद! बाळाचं बारसं जेमतेम झालं म्हणायचं. तिथेही गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले. म्हणजे मनात असलं की जमतं.

यावरून एक लक्षात ठेवा, खाच असली म्हणजे सगळं सुरक्षित असं नाही. ५ जून २०२५ ला बाजारात आलेल्या निंटेंडो स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात गेम नसतोच. असते ती फक्त नेटवरून गेम उतरवायची किल्ली. सुंदर डबा, आत लाडू नाहीत. डब्यावर तसं छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण! म्हणून गेम घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : "नेट बंद असताना हा एकट्याने खेळता येतो का?" तो गडबडला तर मुलालाच विचारा, त्याला नक्की ठाऊक असतं.

ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना एक जास्तीचा मार्ग आहे. पोलंडचं गॉग नावाचं नेटवरचं दुकान २००८ पासून असे गेम विकतं, जे एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवले की दुकानाला न विचारता पुन्हा चढवता येतात. साठवणीच्या पापडांसारखे. त्याहून कितीतरी मोठ्या स्टीम या दुकानात सवलती भरपूर, पण त्यांच्या करारानुसार खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आईच्या पाटल्या लेकीला जातात, तसे हे गेम जाणार नाहीत.

आता वर्गणीविषयी. महिन्याला ठराविक रक्कम भरा आणि शेकडो गेम खेळा, अशा योजना एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन दोघांच्याही आहेत. पुष्कळ आया यांवर नाराज असतात, मला मात्र यात खोटेपणा कमी वाटतो. वाचनालयाची वर्गणी भरून पुस्तक आपलं झालं असं कुणी समजत नाही. फक्त दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, वर्गणी वाढते. अमेरिकेत एक्सबॉक्सची सर्वांत वरची वर्गणी १ ऑक्टोबर २०२५ ला वीस डॉलरवरून एकदम तीस डॉलर झाली. आणि दुसरं म्हणजे, प्लेस्टेशनवर विकतचे बहुतेक गेम मित्रांबरोबर नेटवरून खेळायला वेगळी वर्गणी लागतेच. यंत्र घेताना हे कुणी सांगत नाही, आणि महिन्याभराने चिरंजीव हळूच येऊन उभे राहतात.

मोबाइलवरच्या गेमचं दुखणं आणखी निराळं. गेम फुकट, पण त्यातल्या पात्राचे कपडे, बंदुका, रंग विकत. पबजी मोबाइलवर सरकारने २ सप्टेंबर २०२० ला बंदी घातली, तेव्हा पोरांनी पैसे मोजून घेतलेले ते सगळे कपडे अडकून पडले. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने आला, कपडे नव्या खात्यात आणायची सोय झाली. २८ जुलै २०२२ ला तोही दुकानातून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. अशा मालावर किती पैसे घालायचे ते प्रत्येक घराने ठरवावं. माझ्या मते खाऊच्या पैशांतून जेवढे जातील तेवढेच, आणि तेही मुलाने आधी विचारून.

शेवटी तिजोरीची किल्ली. मुलाच्या फोनला तुमचं कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये दर खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती आजच लावा. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीला, ती पंधरा हजारांच्या आत असेल तर, पहिल्या खेपेनंतर ओटीपी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी संदेश मात्र येतो. तो जाहिरात समजून पुसू नका. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे असं लिहिलेलं असतं. तिथे कुठकुठल्या वर्गण्या चालू आहेत त्या सगळ्या दिसतात आणि नको ती तिथल्या तिथे बंद करता येते. गेमचं खातं तुमच्याच ईमेलवर उघडा, आणि पासवर्ड दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा.