मागचा बार बसवण्यापूर्वी

हिवाळा लागला की जुन्या गाड्या शेडमधून बाहेर निघतात आणि लातूर-नांदेडच्या गॅरेजमध्ये एक मागणी हमखास येते. वळणावर गाडी फार झुकते, मागे चांगला जाड स्टॅबिलायझर बार टाकून द्या. एमजीबी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर आपल्याकडे क्वचितच येते. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी तेवढ्या दुर्मीळ नाहीत. गाडी कोणतीही असो, मालकाला उत्तर देण्याआधी तिच्याखाली शिरून बघायला हवं. झिजलेले बुश, दम गेलेले शॉकअप, बसलेले पाटे आणि चार टायरांत चार तऱ्हेची हवा, एवढ्यानेही गाडी झुकते आणि भरकटते. हे दुरुस्त न करता बार बसवला तर दोष तसाच राहतो, फक्त लवकर लक्षात येत नाही. वेगात वळण घेणाऱ्या गाडीत दोष लक्षात न येणं जिवावर बेतू शकतं.

बार नेमकं काय करतो, याबद्दल आपल्या धंद्यात मोठा गैरसमज आहे. झुकणं कमी झालं की पकड वाढली, असं समजलं जातं. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा एकूण भार बारमुळे फारसा बदलत नाही. तो गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा वेग यांवर ठरतो. बार बदलतो ती पुढच्या-मागच्या जोडीतली वाटणी. मागे कडक बार टाकला की मागच्या बाहेरच्या चाकावर जास्तीचा भार येतो, आतलं चाक हलकं होतं आणि मागची पकड घटते. त्या बदल्यात पुढच्या चाकांना उसंत मिळते. ज्या गाडीचं नाक वळणाबाहेर जातं, तिला हा बदल मानवतो. जी आधीच समतोल आहे, ती ओल्या रस्त्यावर मागून सुटते.

एमजीबीचं उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावं. अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस कंपनीने गाडी उंच केली आणि काही काळ पुढचा बारही काढला. गाडी इतकी झुकू लागली की १९७७ च्या मॉडेलला कंपनीने पुढे आधीपेक्षा जाड बार दिला आणि त्याच्यासोबत मागेही बार बसवला. दोन्ही एकत्र, एकमेकांच्या हिशेबाने. फक्त मागचा बार मागणाऱ्या मालकाला हे सांगायला हवं. सुरुवात पुढून करायची आणि त्यानंतर गाडीचं नाक बाहेर जात असेल तरच मागे वळायचं.

हेराल्डच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: मागे बार नको. तिचा डिफरन्शियल चासीला पक्का आहे आणि मागच्या प्रत्येक ॲक्सलला फक्त आतल्या टोकाशी सांधा आहे. जोरात वळताना बाहेरचं चाक आत दुमडू पाहतं, गाडीची मागची बाजू वर उचलली जाते आणि पकड एकदम सुटते. इथे मागचा बार बाहेरच्या चाकावर आणखी भार टाकून दुमडणं वाढवतो. स्पिटफायर याच हेराल्डच्या सांगाड्यावर बेतलेली. १९७० च्या मार्क फोरला ट्रायम्फने काय केलं ते पाहा. मागचे आडवे पाटे मधोमध फिरते ठेवून त्यांचा झुकण्याला असलेला विरोध मुद्दाम कमी केला आणि पुढचा बार जाड केला. मालक मागतो त्याच्या अगदी उलट. मद्रासच्या कंपनीनेही सत्तरच्या दशकात गॅझेल काढली, तेव्हा मागे सरळ अखंड ॲक्सलच घेतला.

ज्या गाडीला मागचा बार खरोखर लागतो, तिथे जाडीचा हिशेब कागदावर मांडावा. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिलिमीटरऐवजी १९ घेतला, तर हातात फरक तीन मिलिमीटरचा आणि ताठपणा जवळजवळ दुप्पट. टोकाच्या हाताची लांबी २० सेंटिमीटरवरून १८ केली तरी तो सुमारे पावपट वाढतो. म्हणून ज्या बारला लिंकसाठी दोन-तीन भोकं आहेत, तो घ्यावा आणि सर्वांत लांबच्या भोकापासून सुरुवात करावी.

लेथवाल्याकडून साध्या लोखंडी सळईचा बार वाकवून घेण्याचा मोह होतो. नव्या बारची चाचणी छान होते, कारण साधं पोलाद आणि स्प्रिंगचं पोलाद यांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो साध्या पोलादाच्या मर्यादेपलीकडे पीळ बसल्यावर. स्प्रिंगचं पोलाद मूळ जागी परत येतं, साधं पोलाद वाकडंच राहतं आणि गाडी उभी असतानाच एका बाजूला कलते. स्प्रिंगचा बार गॅसवर लाल करून वाकवला तरी त्याचं पाणी उतरतं. पुन्हा पाणी देण्याची सोय नसेल तर तयार बारच घ्यावा. बारला वेल्डिंग कधीही नको.

आपल्या रस्त्यांचाही विचार हवा. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा महामार्ग सोडून आत वळलं की काळ्या मातीवरचे रस्ते लागतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रस्त्याची कड खचते. एकच चाक खड्ड्यात जाणं इथे रोजचं. बार दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधतो, त्यामुळे एका बाजूचा दणका दुसरीकडे पोहोचतो आणि गाडी डावी-उजवी डोलते. परदेशी कॅटलॉगमध्ये रेसट्रॅकसाठी सुचवलेला जाड बार या रस्त्यांना चालत नाही.

बसवताना घाई होते ती शेवटच्या आवळणीला. गाडी जॅकवर लटकत असताना रबरी बुशचे बोल्ट आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर, मगच शेवटचा पाना. त्या वेळी दोन्ही लिंक हाताने सहज बसल्या पाहिजेत. एक जरी ओढून बसवावी लागली तर बारमध्ये आधीच पीळ आहे. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन ब्रेकचा होज, सायलेन्सर आणि डिफरन्शियल यांना बार कुठे घासतो का ते बघावं. रबरी बुशला खनिज तेलाचं ग्रीस लावू नये, पॉलीयुरेथेनला सिलिकॉन ग्रीस लावावं. ॲक्सलच्या नळीवर ब्रॅकेट वेल्ड करू नये. उष्णतेने नळी वाकते. यू-बोल्टच्या पकडीने काम भागतं.

यू-बोल्टचा आग्रह कायद्यासाठीही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेची नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते आणि चासीतला बदल त्यात अडचण ठरतो. एमएच २४ असो वा एमएच २६, पन्नाशी ओलांडलेल्या किंवा तिच्याजवळ आलेल्या गाडीची चासी कापायची नाही, तिला भोकं पाडायची नाहीत. बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल असंच काम करावं. काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत बांधून मालकाला परत द्यावा आणि बिलावर बारचा व्यास, लिंक कोणत्या भोकात आहे आणि चारही टायरांची हवा लिहून द्यावी, म्हणजे गाडी उद्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गेली तरी तिथल्या मेकॅनिकला अंदाजाने काम करावं लागणार नाही.