देहूरोडची वार्ता : पंचवीस डिसेंबरच्या आधी ट्रंक उघडा



संविधान दिन पार पडला. आता पुढच्या सव्वा महिन्यात आपल्या देहूरोडकरांपुढे चार महत्त्वाचे दिवस आहेत. ६ डिसेंबर महापरिनिर्वाण दिन, २५ डिसेंबर आपल्या विहाराचा वर्धापन दिन, १ जानेवारी भीमा कोरेगावची मानवंदना आणि ३ जानेवारी सावित्रीमाईंची जयंती. या दिवसांची माहिती देतो आणि त्यासोबत प्रत्येक घराला एक काम सांगतो. काम घरातच करायचे आहे, त्याला वर्गणी लागत नाही.

दादरला जाणाऱ्यांसाठी

आपल्या स्टेशनावर थांबणारी लोकल लोणावळ्यापर्यंतच जाते. मुंबईसाठी लोणावळ्याला किंवा पुण्याला गाडी बदलावी लागते. त्या दिवशी गर्दी असतेच, म्हणून म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर ५ तारखेलाच निघावे. मुलांच्या खिशात नाव, वडिलांचे नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. भाकरी, पाणी आणि रोजचे औषध घरूनच घ्यावे. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. प्रत्येक कुटुंबाने निदान एक पुस्तक घेऊन यावे. खेळणे आठ दिवसांत मोडते, पुस्तक नातवापर्यंत टिकते.

पंचवीस डिसेंबर आपला कसा?

देहू गाव वेगळे आणि आपले देहूरोड वेगळे, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. स्टेशन, डेपो आणि कामगारांच्या वस्त्या यांतून उभे राहिलेले हे आपले छोटे गाव. पण बौद्ध समाजाच्या इतिहासात त्याची जागा मोठी आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. बरोबर २७ वर्षांनी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. बौद्ध धम्माची शिकवण सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असेही त्यांनी इथल्या सभेत सांगितले. तो ग्रंथ म्हणजे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. तो छापून आला १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे त्याच्या जवळजवळ बावीस महिने आधी आपल्या वडीलधाऱ्यांनी बाबासाहेबांच्या हस्ते बसलेल्या बुद्धमूर्तीपुढे हात जोडले होते.

ते वडीलधारे कोण होते? त्या सभेला दहा वर्षांचे पोर म्हणून आलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. त्या दिवशी बाई असलेली आजी आता बहुतेक घरांत फोटोतच आहे. बाबासाहेब काय बोलले ते ग्रंथांत छापले गेले. पण दगड-माती कोणी वाहिली, पाहुण्यांचा स्वयंपाक कोणी केला, कामावरून रजा मिळाली की पगार कापला गेला, हे कुठेच छापलेले नाही. ते आपल्या घरांत आहे, आणि एकेका माणसाबरोबर ते निघून चालले आहे.

प्रत्येक घराला काम

२५ तारखेच्या आत एका रविवारी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसा. नववी-दहावीतल्या मुला-मुलीच्या हातात वही द्या. एवढेच विचारा : आपण मूळचे कोणत्या गावचे? इथे कोण पहिला आला, कोणत्या साली, कोणाच्या ओळखीने? पहिले काम कोणते, पगार किती? दीक्षा कुठे घेतली? दीक्षेनंतर घरातल्या देवांचे काय केले? आजी आणि पणजीचे माहेरचे नाव काय? शेवटचा प्रश्न गाळू नका. पुरुषांची नावे हजेरीपटावर तरी सापडतात, बायांची तिथेही सापडत नाहीत.

मग ट्रंक उघडा. जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहा. आज ओळखणारा माणूस आहे, दहा वर्षांनी नसेल.

त्याच ट्रंकेत मुलाची ॲडमिशन

हे काम केवळ आठवणींचे नाही. बारावी विज्ञानाला असलेल्या मुलांच्या पालकांनी हा भाग दोनदा वाचावा. इंजिनीअरिंग, मेडिकल अशा अभ्यासक्रमांना राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात प्रमाणपत्रासोबत जात पडताळणीचे प्रमाणपत्रही लागते. पडताळणी समिती वडिलांकडच्या नात्यातले पुरावे पाहते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्या तारखेच्या आधी आपले घराणे कुठे राहत होते आणि जात कोणती लागली होती, ते दाखवावे लागते.

आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा पोटासाठी गाव सोडून इथे आले. त्यामुळे हा कागद देहूरोडला मिळत नाही, तो गावच्या शाळेत किंवा तहसिलीत असतो. आजोबा, चुलत आजोबा किंवा आत्या शाळेत गेली असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. कोणीच शाळेत गेले नसेल तर जन्म-मृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक पाहा. जुन्या नोंदी मोडीत असतात, मराठवाड्याकडच्या काही उर्दूत असतात. जाणकाराकडून त्यांचे मराठी करून घ्यायलाही दिवस जातात. हे सगळे जून महिन्यात सुरू केले तर मुलाची जागा हातची जाते. डिसेंबरात सुरू केले तर गावाला दोन खेपा घालायला वेळ राहतो.

अनेक घरांत आजोबांच्या दाखल्यावर ‘महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आणि काकांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ असे आढळते. मुले विचारतात, आपण घरात त्रिसरण म्हणतो, मग काकांच्या कागदावर हे काय? त्यांना खरे कारण सांगा. धम्म स्वीकारल्यावर केंद्र सरकारच्या अनुसूचित जातीच्या सवलती बंद झाल्या. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या बौद्धांना मिळाल्या. मधल्या काळात नोकरीच्या आणि मुलांच्या शिक्षणाच्या काळजीने काहींनी कागदावर जुनी जात राहू दिली. काहींनी नुकसान सोसून ‘बौद्ध’ लिहिले. दोघांनीही लेकरांसाठीच सोसले. यावरून भावकीत टोमणे मारू नयेत. वंशावळ करताना सर्वांचेच दाखले लागणार आहेत. रुसलेल्या चुलत्याकडेही जावे लागेल, तर २५ तारखेच्या निमित्ताने त्यांना जेवायलाच बोलवा.

मिळालेल्या मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. मोबाईलवर फोटो काढा, चार झेरॉक्स काढा, आणि एक संच गावच्या भावाकडे ठेवा.

विहारात येताना

२५ तारखेला इतर जिल्ह्यांतूनही लोक येतात. ते आपले पाहुणे. रस्त्यालगतच्या घरांनी पाण्याची सोय करावी, आयाबहिणींना बसायला जागा द्यावी. वर्गणी जमवणाऱ्या तरुणांनी जमा-खर्च फळ्यावर लिहावा. पुढच्या वर्षी मागायला तोंड राहते. आवाज बेताचा ठेवावा, परीक्षेची मुले आणि आजारी माणसे घराघरांत आहेत.

१ जानेवारीला पेरण्याला जाणाऱ्यांनी पोलिसांनी सांगितलेल्या जागीच वाहने लावावीत, अफवा पुढे पाठवू नयेत. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी तिथे भेट दिली होती, एवढे तरी मुलांना वाटेत सांगावे. ३ जानेवारीच्या कार्यक्रमात अध्यक्षपद एखाद्या भगिनीला द्यावे आणि मुलींनी वहीत लिहिलेल्या आजीच्या गोष्टी त्या दिवशी वाचून दाखवाव्यात.

ज्या घरात वही भरेल त्यांनी त्यातले एक पान या सदरासाठी पाठवावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये, ते आम्ही पाहू. जागा असेल तसे एकेक पान छापू. देहूरोडचा इतिहास देहूरोडच्याच अक्षरात यावा, एवढीच आमची इच्छा.

नमो बुद्धाय, जयभीम!