पैनगंगेचा वाटा धरणाच्या हिशेबात लिहा!

पुसद, महागाव, उमरखेड तालुक्यांतल्या पैनगंगाकाठच्या गावकऱ्यांनो,

दरवर्षीचं हे नाटक आता आपल्याला तोंडपाठ झालंय. मार्च सरता सरता नदी आटते. एप्रिलमध्ये निवेदनं जातात, मग रस्ता अडवला जातो, पुढाऱ्यांचे फोन होतात आणि एकदाचं ईसापूर धरणातून पाणी सुटतं. आठ-दहा दिवस नदी वाहते, पेपरात फोटो येतो, गेट बंद होतं. थोड्याच दिवसांत नळयोजनेच्या विहिरीचा तळ पुन्हा उघडा! पाणी गेलं कुठं? बरंचसं वाळूनं प्यालं. पात्र हातभर खोल वाळलेलं असताना सोडलेलं पाणी आधी वाळूची तहान भागवतं, मग गावाची.

आमचं म्हणणं एवढंच आहे: पाणी थोडं सोडा, लवकर सोडा, सलग सोडा. पात्र ओलं असतानाच सोडा.

हिशेब मांडू या. एक क्युसेक दिवसभर वाहिला की साडेचोवीस लाख लिटर पाणी होतं. 25 क्युसेक 1 फेब्रुवारीपासून 30 जूनपर्यंत अखंड सोडले, तर होतात सुमारे 9 दशलक्ष घनमीटर. ईसापूरचा पूर्ण उपयुक्त साठा सुमारे 964 दशलक्ष घनमीटर. म्हणजे आम्ही शंभरातला एकसुद्धा पुरता मागत नाही! कालव्यावरच्या भावांनो, तुमचा ऊस आणि हळद आम्हाला वाळवायची नाही. धरणाआधी ही नदी आपल्या पाण्यानं वाहत होती. पूस, अरुणावती, अडाण या उपनद्यांवरही धरणं झाली. सगळीकडून तोंड बांधल्यावर नदीनं उन्हाळा काढायचा कशावर?

"माणसं तहानलेली असताना मासे काय घेऊन बसलात?" असं विचारणारे भेटतात. त्यांनी गेट बंद झाल्यावर दोन दिवसांनी नदीवर यावं. पाणी चढलं तेव्हा मासे उथळात पसरलेले असतात. पाणी एकदम उतरलं की ते डबक्यांत अडकतात. बोटबोट लांबीची पिल्लं चिखलात तडफडतात आणि आपल्याआधी बगळे पोचतात. मरळ, वाम, शिंगाळा उन्हाळाभर जगतात ते डोहात. डोह आटला, तर पावसाळ्यात अंडी घालायला मासा उरणार कुठून? भोई-ढीवरांच्या घरी चूल पेटते ती याच डोहांवर. आणि डोह भरलेला असतो तोवर गावाच्या विहिरीलाही झरे असतात. पाणी एकच आहे; ते माशालाही पुरतं आणि हंड्यालाही.

हे जगावेगळं मागणं नाही. न्यूयॉर्क शहर डेलावेअर नदीच्या खोऱ्यातल्या धरणांचं पाणी पितं. खाली नदीत किती पाणी राहिलं पाहिजे, हे 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं. त्या धरणांखाली ट्राऊट मासा आहे, त्याला थंड, वाहतं पाणी लागतं. पुढे त्याच्यासाठीही धरणातल्या साठ्याप्रमाणे विसर्गाचं कोष्टक झालं. म्हणून न्यूयॉर्क काही तहानेनं मेलं नाही. आपल्याकडे 2012 चं राष्ट्रीय जलधोरण सांगतं की नदीच्या प्रवाहाचा काही भाग नदीसाठी राखून ठेवावा. गंगेसाठी 2018 साली किमान प्रवाहाची अधिसूचना निघाली. गंगा तेवढी माय, आणि पैनगंगा काय सावत्र?

आमच्या मागण्या:

1. 15 ऑक्टोबरच्या साठ्यावरून वर्षाचं नियोजन होतं, तेव्हाच पिण्याच्या आरक्षणाशेजारी नदीचा वाटा वेगळा लिहा.

2. फेब्रुवारी ते जून सलग विसर्ग ठेवा. साठा कमी असेल त्या वर्षी कालव्याच्या पाळ्या कमी होतील, त्याच प्रमाणात नदीचा वाटाही कमी करा. पण शून्य नको.

3. गेट एकदम उघडू नका, एकदम बंद करू नका. विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढवा-घटवा आणि आधी गावोगाव दवंडी द्या.

4. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे पावसाआधी काढा, म्हणजे अंड्यावरचा मासा वर चढेल.

5. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला नदीकाठची गावं आणि मच्छीमार संस्था यांना बोलवा.

आता थोडं आपल्यालाही. सोडलेल्या पाण्यावर रातोरात मोटारी टाकणारे परगावचे नाहीत, आपल्यातलेच आहेत. डोह उपसून वाळू नेणाऱ्या ट्रॅक्टरला वाट आपल्याच शेतातून मिळते. वरच्या गावानं पाणी ओढायचं आणि खालच्या गावानं मोर्चा काढायचा, हे बंद केल्याशिवाय सरकारला जाब विचारायला आपलं तोंड उरणार नाही.

म्हणून एप्रिलची वाट पाहू नका. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन ठराव एकत्र घ्या: नदीच्या वाट्याचा, आणि विसर्गाच्या काळात आपल्या गावच्या मोटारी बंद ठेवण्याचा. ठरावाच्या प्रती 15 ऑक्टोबरच्या आत जिल्हाधिकारी आणि पाटबंधारे कार्यालयात द्या आणि पोच घ्या. उन्हाळ्यात रस्त्यावर बसण्यापेक्षा ऑक्टोबरात कागदावर बसलेलं बरं!

आपले,
पैनगंगाकाठचे शेतकरी, मच्छीमार आणि ग्रामस्थ

(वाचा आणि पुढच्या गावाला द्या.)