कॉरिडॉर नव्हे, माग!

शहराला कोणती उपमा द्यावी हा कवींचा प्रश्न, असे आपण समजतो. पण तो कामगारांचाही प्रश्न आहे. 'मुंबईचे शांघाय' करण्याच्या घोषणा झाल्या, तेव्हा गिरणी कामगाराच्या वाट्याला काय आले हे आपण पाहिले आहे.

आता वाराणसी पाहा. २०१४ साली या शहराचा जपानमधील क्योतोशी सहकार्य करार झाला आणि काशीचे क्योतो करण्याची भाषा सुरू झाली. जुन्या गल्ल्यांना कोंडलेल्या रक्तवाहिन्या म्हटले की पाडकाम ही शस्त्रक्रिया ठरते. विश्वनाथ मंदिर ते गंगेचा घाट या कॉरिडॉरसाठी सुमारे ३०० मालमत्ता संपादित झाल्या; डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. भाविकांची सोय झाली, हे आम्ही नाकारत नाही. हे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले. मराठी माणसाला ते परके नाही. पण कॉरिडॉर म्हणजे केवळ येण्याजाण्याची वाट. वाटेत कोणी राहत नाही, कोणी धंदा करीत नाही. मोबदल्याचा हिशेब मालमत्तेवर होतो. गल्लीतल्या गिऱ्हाइकावर पोट भरणाऱ्या फेरीवाल्याचा हिशेब कोणत्या कागदावर होतो?

आमच्या मते वाराणसीची खरी उपमा मदनपुऱ्यातील विणकराच्या घरात आहे. ती म्हणजे माग. बनारसी साडी एकट्या विणकराची नसते. नक्षी काढणारा, रंगारी, कांड्या भरणारी बाई या सर्वांचे श्रम तिच्यात असतात. त्या बाईच्या मजुरीची नोंद क्वचितच होते; पण ती थांबली की धोटा थांबतो. शहरात नावाडी, धोबी, सफाई कामगार, रिक्षावाले यांचे स्थान असेच आहे. मागावर धागा तुटला तर विणकर गाठ मारून तो जोडतो, उपटून फेकीत नाही.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. २०१४ च्याच पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्यांना हटविता येत नाही आणि नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत. क्योतोचा करार सर्वांना ठाऊक आहे. हा कायदा किती जणांना ठाऊक आहे?

पंढरपुरातही कॉरिडॉरची योजना पुढे आली आणि स्थानिक रहिवासी व दुकानदारांनी तिला विरोध केला. तेथील, आणि प्रत्येक शहरातील, आपल्या संघटनांनी आराखडा मंजूर होण्यापूर्वीच विचारले पाहिजे: यात कष्टकऱ्यांचे धागे कोठे आहेत? उत्तर मिळेपर्यंत कुदळ चालू देता कामा नये.